उंदरांना दमा आम्हीच दिला होता

पत्र:

नमस्कार मॅडम,
आम्ही घणसोलीला राहतो. मिस्टर वाशीच्या मसाला मार्केटात एका गाळ्यावर दिवाणजी आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. चार वर्षांचा असल्यापासून त्याला दमा आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास फार त्रास होतो. डॉक्टरांनी दोन पंप दिलेत, पण सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते. म्हणून बरं वाटलं की रोजचा पंप आम्ही बंद करतो. गेल्या महिन्यात मोठे दीर वाशीत एका हॉटेलातल्या कार्यक्रमाला जाऊन आले. स्टेम सेलने दमा मुळापासून जातो असं तिथे सांगितलं. उंदरांच्या फुप्फुसांचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. तीन इंजेक्शनं, साडेचार लाख रुपये. भाऊजी निवृत्तीच्या पैशातून भरायला तयार आहेत. त्यांची धाकटी बहीण दम्याने गेली, त्यामुळे त्यांना या आजाराची फार धास्ती आहे. मुलाच्या जन्मावेळी आम्ही नाळेचं रक्त एका बँकेत ठेवलंय. ते वापरलं तर पन्नास हजार कमी होतील म्हणे. ३० तारखेपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा आहे. हे संशोधन खोटं आहे का? खोटं नसेल तर नाही तरी का म्हणायचं? आणि नाही म्हणायचं झालं तर भाऊजींना कसं सांगू?
– एक आई, घणसोली

उत्तर:

तुमचा जीव टांगणीला लागलाय, म्हणून शेवटचं आधी सांगते. पैसे भरू नका. ३० तारीख येईल आणि जाईल, मुलाचं त्यात काही बिघडणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. संशोधन खोटं आहे का? नाही. फोटोसुद्धा बहुतेक खरेच असतील. तसे फोटो मी स्वतः काढलेत.

हे सदर लिहायला लागण्याआधी अकरा वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. सकाळी नौपाड्याहून कंपनीची बस, पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं की लेटमार्क ठरलेला, आणि मग दिवसभर पांढरे उंदीर. त्यांना दमा देणं हे माझं काम होतं. लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी नुसतं 'औषध कंपनीत होते' एवढंच सांगते.

उंदराला आपणहून दमा होत नाही. मांजरांना होतो, घोड्यांना दम्यासारखाच आजार होतो, उंदराला नाही. म्हणून तो द्यावा लागतो, आणि त्याचं वेळापत्रक आमच्याकडे भिंतीवर टांगलेलं असायचं. पहिल्या दिवशी अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षारात कालवून उंदराच्या पोटात टोचायचं. चौदाव्या दिवशी पुन्हा. एवढ्यात त्याच्या शरीराने त्या प्रथिनाशी वैर धरलेलं असतं. मग एकविसाव्या दिवसापासून ओळीने तीन दिवस पारदर्शक डब्यात आठ-दहा उंदीर सोडायचे आणि नळीने त्याच प्रथिनाची वाफ अर्धा तास आत द्यायची. तुमच्या घरी नेब्युलायझर असेल तर अगदी तसाच. फक्त आमच्या नेब्युलायझरमध्ये औषधाच्या जागी आजार भरलेला असायचा.

त्यानंतर एक-दोन दिवसांत उंदीर मारायचा आणि त्याचं फुप्फुस धुवायचं. श्वासनलिकेत बारीक नळी घालून साधारण एक मिलिलिटर सलाइन आत सोडायचं आणि सावकाश परत ओढायचं. निरोगी उंदराचं पाणी जवळपास नितळ निघतं, आमच्या दमेकऱ्याचं तांदूळ धुतल्यासारखं गढूळ. त्यातल्या पेशी काचपट्टीवर बसवून रंगवल्या की सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी-केशरी दाण्यांनी ठासून भरलेल्या पेशी दिसतात. त्या इओसिनोफिल. तुमच्या मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टात हा शब्द तुम्ही वाचला असेल. निरोगी उंदराच्या फुप्फुसात त्या औषधालाही सापडत नाहीत, दमा दिलेल्याच्या फुप्फुसात निम्म्याहून जास्त पेशी त्याच असतात. एका हाताने काउंटरची बटणं दाबत मी त्या मोजायचे. रात्री डोळे मिटले तरी केशरी दाणे दिसायचे.

आता स्टेम सेल. मराठीत मूलपेशी असा चांगला शब्द आहे, पण हॉटेलातल्या कार्यक्रमाला तो शोभत नाही बहुधा. दम्याच्या प्रयोगांत ज्या वापरतात त्या मेसेन्कायमल जातीच्या पेशी. अस्थिमज्जेत, चरबीत, नाळेच्या आतल्या गरात त्या मिळतात. त्या वाढवून दमा दिलेल्या उंदराच्या शेपटीच्या शिरेतून सोडल्या की खरंच फरक पडतो. इओसिनोफिल घटतात. श्वासनलिकेच्या अस्तरातला चिकट कफ कमी होतो. सुजेचे निरोप पोचवणारी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही रसायनं उतरतात. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी रॅगवीड या तणाने दमा दिलेल्या उंदरांवर हे दाखवलं, आणि या पेशी टीजीएफ-बीटा नावाच्या प्रथिनामार्फत सूज आवरतात हेही दाखवलं. पुढे घरातल्या धुळीतले माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे वापरून दमा दिलेल्या उंदरांवरही असे प्रयोग झाले. तेव्हा भाऊजींना कुणी थापा मारल्या असं म्हणत त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. त्यांनी पाहिलं ते खरं होतं. ते अर्धं होतं.

राहिलेलं अर्धं सांगते.

'फुप्फुस आतून नवं होतं' असं तिथे म्हणाले असतील. तसं होत नाही. शिरेतून दिलेल्या या पेशी फुप्फुसाच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि बहुतेक सगळ्या थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. त्या तिथे घर करत नाहीत, फुप्फुसाच्या पेशी बनत नाहीत. गावाहून आत्या यावी, दोन दिवस राहून घरातली भांडणं मिटवावी आणि पहाटेच्या एसटीने निघून जावं, तसं त्यांचं काम. ज्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९१ मध्ये या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं, त्या आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये नाव बदला असा लेख लिहिला. 'स्टेम' शब्दामुळे लोकांना वाटतं की या पेशी नवा अवयव घडवतात, आणि दवाखाने त्याच समजावर धंदा करतात, अशी त्यांची तक्रार होती. नाव ठेवणारा स्वतःच ते मागे घ्या म्हणतो, असं विज्ञानात रोज घडत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ती फोटोत दिसत नाही, भिंतीवरच्या वेळापत्रकात दिसते. पुष्कळ प्रयोगांत पेशी दिल्या जातात त्या वाफेच्या आधी किंवा वाफेचे दिवस चालू असताना, म्हणजे दमा येण्याच्या तोंडावर. त्याने सिद्ध काय होतं? या पेशी दमा पुरता उभा राहू देत नाहीत, हे. पाच वर्षं मुरलेला दमा त्या काढून टाकतात, हे नव्हे. तुमच्या मुलाचा दमा कुठल्या तारखेला सुरू झाला हे कुणाला माहीत नाही. त्याने पाच पावसाळे पाहिलेत.

आणि हे तर आमच्याकडे चहाच्या वेळी बोलायची गोष्ट होती: अंड्याची वाफ बंद केली की उंदीर काही आठवड्यांत आपला आपण बरा होतो. काहीही न देता. म्हणून तर सगळी मोजणी वाफ संपल्यावर एक-दोन दिवसांत उरकायची घाई. तुमच्या घणसोलीतली 'वाफ' कोण बंद करणार?

डोसाचा हिशेब मात्र करून बघा, चौथीतल्या मुलालाही जमेल. उंदीर पंचवीस ग्रॅमचा. त्याला सर्वसाधारणपणे दोन ते दहा लाख पेशी देतात. पाच लाख धरा. म्हणजे ग्रॅममागे वीस हजार, किलोमागे दोन कोटी. तुमचा मुलगा सत्तावीस किलोचा असेल तर चोपन्न कोटी. माणसांवरच्या चाचण्यांत किलोमागे दहा-वीस लाखांच्या आसपास देतात, उंदराच्या दहाव्या ते विसाव्या हिश्श्याएवढ्या. उंदराला जे फळलं ते त्या मापाला फळलं. वाशीतल्या इंजेक्शनात पेशी किती, त्यातल्या जिवंत किती, कोणी मोजल्या, हे भाऊजींना कुणी सांगितलं का?

उंदरांवरच्या कामाला मी नावं ठेवतेय असं समजू नका. त्यावर माझं घर चाललं, आणि दम्याची आजची काही उत्तम औषधं त्याच वाटेने आली. पण ती वाट किती लांबची, याचा एक किस्सा आहे. इओसिनोफिल वाढवणारं रसायन म्हणजे इंटरल्यूकिन-५. ते अडवलं की उंदराचा दमा आटोक्यात येतो, हे १९९०च्या दशकात दिसलं आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. साधारण २००० साली माणसांवर करून पाहिलं. रक्तातले इओसिनोफिल खाली आले, दमा होता तिथेच. कित्येकांनी नाद सोडला. मग २००९ मध्ये दोन गटांनी डोकं चालवलं आणि ज्यांच्या दम्यात इओसिनोफिल खरोखरच भरमसाट आहेत तेवढेच रुग्ण निवडले. तेव्हा त्यांचे झटके कमी झाले. ते औषध, मेपोलिझुमॅब, अमेरिकेत मंजूर झालं २०१५ मध्ये. उंदीर ते माणूस, वीसेक वर्षं, आणि अखेर तेही सगळ्यांसाठी नाहीच.

स्टेम सेल त्या वाटेवर अजून कसाऱ्यालाही पोचलेल्या नाहीत. माणसांच्या दम्यात झाल्या त्या मोजक्या रुग्णांवरच्या, मुख्यतः धोका होतो का हे पाहणाऱ्या छोट्या चाचण्या. फुप्फुसाच्या दुसऱ्या एका आजारात, सिगारेट ओढणाऱ्यांना होतो त्या सीओपीडीत, ६२ रुग्णांची चाचणी झाली होती. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पेशींचा त्रास झाला नाही, पण फुप्फुसाची ताकदही वाढली नाही. मुलांच्या दम्यासाठी मंजूर असलेला स्टेम सेलचा उपचार आपल्याकडे नाही.

'त्रास झाला नाही' हे मात्र काटेकोर चाचणीपुरतं. पैसे घेऊन कुठेही टोचणाऱ्या दवाखान्यांची कथा वेगळी. अमेरिकेत फ्लोरिडातल्या अशाच एका दवाखान्यात तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी सोडल्या, तिघींची दृष्टी गेली. २०१७ मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शिरेतून दिलेल्या पेशींच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि त्या जाऊन बसतात फुप्फुसातच. दम्याच्या मुलाच्या.

खऱ्या स्टेम सेल उपचाराला मी मानते, आणि तो तुमच्यापासून फार लांबही नाही. खारघरला टाटा रुग्णालयाचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे, तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपण होतं. हाच तो उपचार. भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीवर. पण त्या पेशी रक्त बनवणाऱ्या, आणि आजारही रक्ताचे. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की रक्ताच्या अशा आजारांपलीकडचा स्टेम सेलचा वापर हा प्रयोग आहे, आणि तो परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा. त्यानंतर औषध नियंत्रकांनी एक-दोन उत्पादनांना मान्यता दिली, ती पायाच्या बंद पडणाऱ्या रक्तवाहिन्यांसाठी आणि गुडघ्यांसाठी. दम्यासाठी नाही.

नाळेच्या रक्ताचंही इथेच उरकते. त्या पिशवीत मुख्यतः रक्त बनवणाऱ्या पेशी असतात. दम्याच्या प्रयोगांतल्या पेशी नाळेच्या गरात भरपूर, नाळेच्या रक्तात अगदी थोड्या. म्हणजे तुमचं रक्त 'वापरून' पन्नास हजार कमी करणाऱ्याला एक तर दोन्हींतला फरक कळत नाही, नाहीतर तुम्हाला कळत नाही असं त्याने गृहीत धरलंय. पुढे कधी स्वतःलाच लागेल म्हणून खासगी बँकेत नाळेचं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही, हेही त्याच २०१७च्या कागदात आहे. वार्षिक फी चालू ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी नसती ठेवली.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र मी निवडलं, तिथे येते. तुमच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे: 'बरं वाटलं की रोजचा पंप आम्ही बंद करतो.' ताई, औषधाने दमा गेला नाही म्हणून तुम्ही साडेचार लाखांकडे बघताय. पण ते औषध मुलाला सलग मिळालंय कधी?

दोन पंपांची कामं वेगळी आहेत. निळा पंप आवळलेली नळी दहा-पंधरा मिनिटांत सैल करतो, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. रोजच्या पंपातलं स्टिरॉइड सूज उतरवतं. आमच्या उंदरांत ज्या केशरी पेशी मी मोजत बसायचे, त्या कमी करण्याचं काम तोच करतो. आमच्या प्रत्येक प्रयोगात उंदरांचा एक गट स्टिरॉइडचा असायचाच. नव्या औषधाला त्याच्या तोडीचं ठरायला लागायचं, आणि बरीच नवी औषधं तिथेच गारद व्हायची. हा पंप हळूहळू काम करतो, त्याचा परिणाम जाणवायला दिवस-आठवडे लागतात, आणि बंद केला की सूज मुकाट्याने परत येते. सवय लागायचीच तर निळ्याची लागते. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त निळा पंप लागत असेल किंवा मूल रात्री खोकून उठत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजायचं. तुमच्याकडे किती वेळा लागतो? कॅलेंडरवर खुणा करा. दुधाच्या खाड्यांच्या करतो तशा.

सासूबाईंची भीती अगदीच वेडी नाही. स्टिरॉइडच्या पंपाने उंचीवर परिणाम होतो. अमेरिकेत मुलं मोठी होईपर्यंत त्यांची उंची मोजत गेले, तेव्हा औषध घेतलेल्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हे लपवू नका, सांगा त्यांना. त्याच्याच शेजारी हेही सांगा की झटका आला की तोंडाने ज्या स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा सिरप द्यावं लागतं, त्याचा एका दिवसाचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो, आणि पंपाचा मायक्रोग्रॅममध्ये, तोही थेट फुप्फुसात. पंप टाळून झटके ओढवले की जास्त स्टिरॉइड पोटात जातं. जात्यावर बसल्यावर ओवी सुचते तसं मला हे नेहमी उंदरांच्या वजनकाट्यापाशी सुचायचं.

पंप देता कसा, हेही पाहायला हवं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा प्लॅस्टिकचा पोकळ नळा, आहे ना? नसेल तर आजच डॉक्टरांना विचारून घ्या. मुलाच्या हातात नुसता पंप दिला तर बरंचसं औषध घशात बसतं. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एकच फवारा, आणि ओठ मिटून पाच-सहा संथ श्वास. दुसरा फवारा असेल तर पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही एकदम मारायचे नाहीत. नंतर चूळ. स्पेसर आठवड्याने साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. कपड्याने पुसू नका. पुसलं की प्लॅस्टिकवर विजेचा भार येतो, केसांवरून फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तसा, आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं. अशा स्वच्छतेच्या हौसेने कित्येक घरांत औषध वाया जातं.

मिस्टरांचं काम मसाला मार्केटात. मिरची-हळदीच्या हंगामात त्या गल्ल्यांतून नुसतं चालत गेलं तरी ठसका लागतो. ती पूड शर्टात बसून घरी येते. आल्या आल्या कपडे बदलून, हातपाय धुऊन मग पोराला जवळ घ्यायचं. कठीण आहे, बाप दारात दिसला की पोर धावतंच. तरी. मुलाच्या खोलीत उदबत्ती नको, मच्छरची कॉइल तर नकोच. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात. खाडीकाठच्या दमट हवेत गादीतले माइट सुखाने नांदतात. खिडकीत किंवा एसीवर कबुतरं असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांच्या विष्ठेने आणि पिसांनी होणारा फुप्फुसाचा आजार वेगळा असतो आणि तो दम्यासारखा भासू शकतो.

हे सगळं दोन-तीन महिने नेमाने करूनही मुलगा दमलेलाच राहिला, तर पुढची पायरी आहे. ओमालिझुमॅबसारखी इंजेक्शनं सहा वर्षांपासून पुढे देता येतात. महाग आहेत, पण माणसांवर पारखून घेतलेली आहेत. त्याची गरज आहे का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. साधं औषध आधी पुरतं देऊन बघायचंय.

राहिले भाऊजी. माझ्या मते हा भाग सर्वांत नाजूक आहे, आणि यात उंदीर काही कामाचे नाहीत.

त्यांना 'तुम्ही फसताय' असं म्हणू नका. ते पैसे दम्यासाठी काढत नाहीयेत, बहिणीसाठी काढताहेत. तिच्या वेळी घरात काय घडलं मला ठाऊक नाही, पण त्या पिढीत पंप म्हणजे शेवटचा उपाय मानायचे. मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळून यायचे, काढे घ्यायचे, रात्र बसून काढायचे. ती गेली तेव्हा आपण काही केलं नाही, हे त्यांच्या मनात घर करून आहे. त्या माणसाच्या हातातलं काम काढून घेतलंत तर तो दुखावेल, आणि कदाचित तुमच्या पाठीमागे ॲडव्हान्स भरूनही येईल. म्हणून त्यांना दुसरं काम द्या.

म्हणा, "भाऊजी, तुम्ही एवढं मनावर घेतलंत, ह्यांना आणि मला धीर आला. पण पैसे भरायच्या आधी तुम्हीच त्यांना दोन गोष्टी लेखी विचारा. तुम्ही विचाराल तर ते नीट उत्तर देतील." पहिली: ही चाचणी आहे का, असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियातला तिचा नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीची परवानगी दाखवा. ती रजिस्ट्री कुणालाही फुकट बघता येते, तुमच्या पुतण्या-भाच्यांपैकी कुणीही मोबाइलवर उघडून देईल. दुसरी: चाचणी असेल तर पैसे कसले? खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. उलट काही इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, २०१९च्या नियमांत ते आहे. आणि 'ही चाचणी नाही, नेहमीचा उपचार आहे' असं ते म्हणाले, तर तेच त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागा. भाऊजी नोकरी करून निवृत्त झालेले, कागद मागायची त्यांना सवय असेल. कागद मिळाला तर मला पाठवा. माझा अंदाज आहे की मिळणार नाही, फोनवर फोन मात्र येतील, आणि ३० तारखेची मुदत तुमच्यापुरती वाढवूनही मिळेल.

एवढ्यात मुलाला एकदा छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन श्वासाची चाचणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. नऊ वर्षांचं मूल ती सहज करतं. खासगीत परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात छातीच्या आजारांचा विभाग आहे, तुम्हाला घणसोलीहून रेल्वेने ठाणे आणि पुढचं एक स्टेशन. दोन्ही पंप आणि स्पेसर सोबत न्या, चाचणीआधी निळा पंप किती तास द्यायचा नाही ते आधी विचारून घ्या, आणि डॉक्टरांसमोर मुलाला पंप घेऊन दाखवू द्या. झटका आला तर किती फवारे, किती वेळाने, आणि केव्हा थेट इस्पितळ, हे त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घेऊन फ्रिजवर लावा. बोलताना वाक्य पुरं होईना, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, ओठ निळसर दिसले, किंवा निळ्या पंपाने उतार पडेना, तर कागद वाचत बसायचं नाही, निघायचं.

भाऊजींनाही त्या दिवशी बरोबर न्या. या चाचणीत मूल एकदा जोरात फुंकतं, मग त्याला औषध देऊन पंधरा मिनिटं बसवतात, आणि पुन्हा फुंकायला लावतात. दोन्ही वेळच्या रेघा एकाच कागदावर छापून येतात. आधीची आणि नंतरची. हॉटेलात त्यांनी उंदराच्या पाहिल्या, इथे पुतण्याच्या बघतील. त्या कागदाची एक झेरॉक्स काढून त्यांच्याकडे राहू द्या, आणि तीन महिने रोजचा पंप दिल्यावर परत चाचणीला न्यायचं काम त्यांनाच सांगा.